होड्यांचे जुने लोखंड-पितळ समुद्रातून कसे गोळा करावे

आधी कायद्याचे बघा. बुडालेल्या जहाजावरची वस्तू सापडली तर ती बऱ्याच देशांत सरकारला कळवावी लागते. ब्रिटनमध्ये त्यासाठी 28 दिवसांची मुदत आहे. युनेस्कोच्या 2001 च्या करारानुसार 100 वर्षे पाण्याखाली राहिलेले अवशेष हा वारसा ठरतो. त्यामुळे जहाजाचा सांगाडा दिसला तर फोटो काढा, जागा टिपून घ्या आणि हात न लावता परत या. बंदुकीच्या गोळीसारखे किंवा बॉम्बसारखे काही दिसले तर लांब राहून पोलिसांना कळवा.

शोधायला अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडा, तेव्हा ओहोटी सर्वांत दूर जाते. पाणी उतरत असतानाच पोहोचा आणि भरती लागली की मागे फिरा. जुन्या धक्क्यांच्या आसपास आणि जिथे होड्या दुरुस्त होत तिथे शोधा. जड वस्तू खडकांच्या पायथ्याशी किंवा खळग्यात अडकतात. वादळाने वाळू ओढून नेल्यावर तर नक्की जा.

दोरीला बांधलेले लोहचुंबक फक्त लोखंड पकडते. तांबे, पितळ, कांसे डोळ्यांनीच शोधायचे. शेवाळात चौकोनी दांड्याचा हिरवट खिळा दिसला तर तो बहुधा जुन्या होडीच्या फळ्या जोडणारा तांब्याचा खिळा. पितळ गुलाबी दिसत असेल तर त्यातले जस्त निघून गेलेले असते. ते वाकवू नका, कटकन तुटते.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. खाऱ्या पाण्यातले लोखंड उन्हात वाळवले की आतल्या क्षारांमुळे पापुद्रे सुटून पार भुगा होतो. म्हणून ते ओलेच आणा आणि लिटरभर पाण्यात सुमारे 50 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेवा. पाणी अधूनमधून बदला. घाई असेल त्याने हा नाद करू नये, यात महिनेच्या महिने जातात. ॲल्युमिनियम मात्र सोड्यात टाकू नका, ते खाल्ले जाते.

गंज, वाळू, शिंपले मिळून दगडासारखा गोळा झाला असेल तर हातोडी घालू नका. कधीकधी आतले लोखंड संपून वस्तूच्या आकाराचा नुसता पोकळ साचा उरलेला असतो, तो फुटेल.

तांब्या-पितळेला साधे गोडे पाणी पुरते. वाळल्यावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके उठले तर क्षार अजून आत आहेत, पुन्हा भिजवा. घासून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. गडद थर तसाच ठेवून वरून मेण चोळा.