युरोपातून नैरोबीला राहायला येताय? महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

युरोपातून बदली होऊन नैरोबीला येणाऱ्या सहकाऱ्यांना खर्चाचा अंदाज बांधून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जर्मन येतात, डच येतात, अधूनमधून म्युनिक किंवा आइंडहोव्हनला स्थायिक झालेलं एखादं मराठी कुटुंबही येतं. बहुतेकांनी आणलेला कागद सारखाच असतो. घरचा महिन्याचा तक्ता घेतलेला असतो आणि आफ्रिका स्वस्त असणार म्हणून प्रत्येक आकडा निम्मा केलेला असतो. तिसऱ्या महिन्यात पैसे पुरेनासे होतात आणि मग माझ्याकडे फेरी होते.

मुळात 'आफ्रिका स्वस्त' हेच खरं नाही. परदेशी नोकरदारांच्या खर्चाची जी यादी मर्सर ही संस्था काढते, तिच्यात अंगोलाची राजधानी लुआंडा २०१३, २०१४, २०१५ आणि पुन्हा २०१७ साली जगातलं सर्वांत महाग शहर ठरली होती. नैरोबी तितकी महाग नाही. पण इथला खर्च वेगळ्या घडणीचा आहे. युरोपात कर भरला की नळाला पाणी येतं, मुलांना शाळा मिळते, दवाखान्याची सोय होते, रात्री रस्ता सुरक्षित असतो. नैरोबीत यातलं बरंचसं ज्याचं त्यानं पैसे मोजून घ्यावं लागतं. त्यामुळे जुन्या तक्त्यातले आकडे बदलून भागत नाही, तक्त्याला नवे रकानेच जोडावे लागतात.

भाडं म्हणजे घराचा खर्च, असं धरणं

किलिमानी, किलेलेश्वा किंवा वेस्टलँड्समधला फ्लॅट बघून लोक भाड्याचा आकडा लिहून मोकळे होतात. भाड्याशिवाय 'सर्व्हिस चार्ज' असतो. पहारेकरी, सफाई, लिफ्ट आणि जनरेटर त्यातून चालतात. काही ठिकाणी तो भाड्यातच धरलेला असतो, काही ठिकाणी वेगळा, म्हणून हे लेखी घ्या. जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी आहे की घरातही वीज देतो, हेही विचारा. घरून काम करणाऱ्याला या एका प्रश्नाच्या उत्तरावर बॅटरी-इन्व्हर्टरचा मोठा खर्च लागतो किंवा वाचतो.

पाण्याची चौकशी मात्र घर दाखवणाऱ्या एजंटकडे करू नका, फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे करा. त्याला इथे सगळे 'अस्कारी' म्हणतात. नगरपालिकेचं पाणी अनेक भागांत वेळापत्रकानुसार, आठवड्यातले ठरावीक दिवसच येतं. टाकी रिकामी झाली की टँकर मागवावा लागतो आणि त्याचे पैसे रहिवाशांत वाटले जातात. बोअरवेल असेल तर पाणी बारमाही मिळतं, पण नैरोबीच्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे आणि ते उकळून जात नाही. म्हणजे प्यायच्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या विकत घ्यायच्या. लहान मुलं असतील तर दातांची काळजी म्हणून या रकान्यात कधीच काटकसर करू नका.

आणखी एक. हे शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर वसलेलं आहे. जून ते ऑगस्ट चांगलाच गारठा असतो आणि घरांमध्ये तापवण्याची व्यवस्था नसते. जाड ब्लँकेटं आणि एखादा हीटर यांचे पैसे पहिल्याच महिन्यात धरून ठेवा.

विजेचं बिल दर महिन्याला सारखं येईल असं समजणं

इथे बहुतेक घरांत प्रीपेड मीटर असतो. पैसे भरायचे, मोबाइलवर टोकनचा आकडा येतो, तो मीटरमध्ये टाकायचा. विजेच्या दरात इंधनाचा आणि परकीय चलनाचा अधिभार मिसळलेला असतो आणि तो महिन्या-महिन्याला हलतो. त्यामुळे हजार शिलिंगांना (शिलिंग हे केनियाचं चलन) मागच्या महिन्याएवढी युनिटं मिळतीलच असं नाही.

खरी गफलत होते ती टप्प्यांच्या बाबतीत. घरगुती वापराचे तीन टप्पे आहेत: महिन्याला ३० युनिटांपर्यंत, १०० पर्यंत आणि १०० च्या वर. वरच्या टप्प्यात युनिटचा दर जास्त पडतो आणि तुमचा टप्पा तीन महिन्यांच्या सरासरीवरून ठरतो. आता न्हाणीघरातला पाणी तापवणारा विजेचा शॉवर बघा. तो साधारण ५ किलोवॅटचा असतो. दहा मिनिटांच्या अंघोळीला जवळपास पाऊण-एक युनिट जातं. दोन माणसं, तीस दिवस, म्हणजे नुसत्या अंघोळीला ५० युनिटं. फ्रीज, इस्त्री आणि ओव्हन धरले की शंभरी कधी ओलांडली ते कळतही नाही. छतावर सौर बंब असलेली इमारत मिळाली तर भाडं थोडं जास्त असलं तरी घ्या, असं मी आवर्जून सांगते.

आज जो विनिमय दर आहे तोच वर्षभर धरणं

मला सर्वांत जास्त तळमळीनं सांगायचंय ते हे. जानेवारी २०२४ मध्ये एका युरोला १७५ शिलिंगांच्या आसपास मिळत होते. फेब्रुवारीत केनियानं डॉलरमध्ये कर्ज उभारण्यासाठी नवे रोखे विकले आणि जूनमध्ये फेडायच्या जुन्या रोख्यांपैकी बराच भाग आधीच परत घेतला. कर्ज बुडण्याची भीती सरली, शिलिंग वधारला आणि जूनपर्यंत युरो १४० च्या घरात आला. ९०,००० शिलिंग भाडं भरणाऱ्याला जानेवारीत सुमारे ५१५ युरो पडत होते, जूनमध्ये सुमारे ६४०. घर तेच, भाडं तेच, पण युरोत पगार घेणाऱ्याच्या खिशातून महिन्याला सव्वाशे युरो जास्त जाऊ लागले. आमच्याकडची दोन कुटुंबं त्या सहा महिन्यांत लहान घरात गेली.

म्हणून तक्ता शिलिंगांत मांडा आणि युरोचा दर आजच्यापेक्षा १५ ते २० टक्के वाईट धरून बघा. तरीही जमत असेल तरच करारावर सही करा. गिगिरी, रुंडा या संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांजवळच्या भागात भाडं अनेकदा डॉलरमध्ये सांगतात. तिथे शिलिंग नाही, तर युरो-डॉलरचा दर बघावा लागतो.

घरकामाला माणूस ठेवताना फक्त हातात द्यायचा पगार मोजणं

नैरोबीत घरकामासाठीचं किमान वेतन नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १६ हजार शिलिंगांच्या थोडं वर आहे. राहायला जागा देत नसाल तर वर घरभाडं भत्ता. मालकानं निवृत्तिवेतनाचा वाटा आणि गृहनिर्माण योजनेचे दीड टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेले आरोग्यनिधीचे २.७५ टक्केही वेळेत जमा करायचे असतात. वर्षाला २१ कामाचे दिवस पगारी रजा हा कामावर ठेवलेल्या माणसाचा कायदेशीर हक्क आहे. ओळखीतला कुणी 'इथे सगळे कमीच देतात' म्हणाला तरी त्याचं ऐकू नका. किबेरा किंवा कावांगवारे अशा गरीब वस्त्यांतून पहाटे निघून येणाऱ्या बाईच्या पोटाला चिमटा काढून आपला तक्ता जुळवायचा नसतो.

किराणा युरोपच्या यादीनं आणणं

चीज, ऑलिव्ह तेल, वाइन, डब्यातले नाश्त्याचे प्रकार हे आयात होऊन येतं आणि युरोपपेक्षा महाग पडतं. टोमॅटो, सुकुमा विकी नावाची पालेभाजी, अव्होकाडो, आंबे कोपऱ्यावरच्या 'मामा म्बोगा'कडून, म्हणजे भाजीवालीकडून घ्या. मूग इथे 'न्डेंगू' नावानं रोजच्या जेवणात असतात. मराठी घरांना तूरडाळ, कणीक, मसाले पार्कलँड्समध्ये मिळतात. तिथल्या गुजराती वस्तीची ही बाजारपेठ जुनी आहे.

दवाखाना आणि शाळा 'पुढे बघू' म्हणून सोडणं

खासगी रुग्णालयात दाखल होताना विम्याची हमी नसेल तर अनामत रक्कम मागतात. युरोपातला विमा इथे चालतो का, थेट रुग्णालयाला पैसे देतो की आधी तुम्ही भरायचे, हे निघण्यापूर्वी लेखी विचारा. शाळेची फी सत्रागणिक, म्हणजे वर्षातून तीनदा येते. वर्षभराच्या फीची बाराने भागलेली रक्कम दर महिन्याला बाजूला काढा. प्रवेशाच्या वेळचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, तेही विचारून घ्या.

गाडी लगेच घेणं

आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी केनियात आणता येत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच हवं. त्यामुळे घरची गाडी जहाजातून आणायचा विचार सोडा. इथल्या जुन्या गाड्यांच्या किमतीत आयातकराचा मोठा वाटा असतो. पहिले तीन महिने टॅक्सी ॲप आणि मटाटू, म्हणजे इथल्या खासगी मिनीबस, वापरा. पाऊस आला की दोन्हींचे दर चढतात, तेव्हा मार्च ते मे हे महिने थोडे जड धरा.

हिशेब आधीच कोलमडला असेल तर

एम-पेसाचं, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याच्या इथल्या सेवेचं, तीन महिन्यांचं विवरण ॲपमधून काढा. घरातला बहुतेक खर्च तिथून होतो, त्यामुळे गळती तिथेच सापडते. आधी पैसे पाठवण्याचं आणि एजंटकडून रोख काढण्याचं शुल्क वेगळं जोडा. दुकानाच्या टिल क्रमांकावर, म्हणजे दुकानाच्या एम-पेसा खात्यावर, पैसे भरताना गिऱ्हाईकाला शुल्क पडत नाही, पण त्याच दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवले तर पडतं. दिवसाला पाच-सहा वेळा असं झालं की महिन्याअखेर रक्कम दिसू लागते. मग टोकनचे संदेश एकाखाली एक लावून प्रत्येक वेळी किती युनिटं मिळाली ते बघा. १०० च्या वरच्या टप्प्यात गेला असाल तर शॉवरचा वापर आटोक्यात आणल्यावरही दर खाली यायला तीन महिन्यांची सरासरी उतरावी लागते, तेवढी कळ काढा.

आणि घराची अनामत परतीच्या तिकिटासाठी धरू नका. घर सोडताना रंगरंगोटीचे पैसे तिच्यातून कापले जातात, उरलेली रक्कम शिलिंगांत आणि बऱ्याचदा तुम्ही विमानात बसल्यानंतर मिळते. आत शिरताना प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतींवरच्या ओलीचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवा.