कल्पनेवर मिक्स बनवताय? या चुका टाळा

कोजागिरी, पहिला पाऊस, नवतपा, कोणाची साठी. निमित्त काहीही असो, हल्ली घरोघरी कोणीतरी ‘थीम’वर गाण्यांचं मिक्स बनवतो आणि ‘काका, ऐकून सांगा’ म्हणत मला पाठवतो. ऐकतो मी. पहिल्या दहा मिनिटांतच तीच ती दोन दुखणी सापडतात. म्हणून त्यांच्यावर सविस्तर लिहितो, बाकीची ओघात.

कल्पना शब्दात शोधणे

विषय ‘चंद्र’ ठरला की सर्चमध्ये चंद्र, चाँद, मून टाकायचं आणि येईल ते यादीत ओढायचं. आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरात एका गच्चीवर कोजागिरीला एका होतकरू पोरानं हेच केलं. इकडे दूध आटतंय, वर चंद्र झकास, आणि स्पीकरवर एकामागून एक प्रेयसीच्या चेहऱ्याला चंद्र म्हणणारी गाणी. थोड्या वेळानं बायकांनी पैजा लावायला सुरुवात केली, पुढच्या मुखड्यात चंद्र कितव्या शब्दाला येतो म्हणून. एक आजोबा न राहवून म्हणाले, “काहून रे बापू, याच्याबिगर दुसरं काही नाही का तुयाजवळ?” पोरगा म्हणतो, “आजोबा, थीमच ती आहे ना!”

कहर झाला बारा वाजता. दुधाच्या पातेल्यात चंद्र पाहायला सगळे वाकलेले, आणि नेमका तेव्हा चंद्राच्याच नावाचा एक डीजे रीमिक्स सुरू झाला. लहान पोरं नाचायला लागली, शेजारच्या गच्चीवरून आरडाओरडा आला. शब्द जुळला होता, रात्र मात्र गेली.

माझी सवय सांगतो. विषय ठरला की मी एक वाक्य लिहितो, आणि त्या वाक्यात विषयाचं नाव येऊ देत नाही. मे महिन्याच्या शेवटी, सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस नवतपा असतो. त्यावर मिक्स करायचं तर ‘ऊन’ आणि ‘सूर्य’ बाद. वाक्य असं: दुपारचे दोन, लाइन गेलेली, कूलरच्या ताट्या वाळल्यात, घरात कोणी बोलत नाही.

आता गाणी आपोआप वेगळी सुचतात. वृंदावनी सारंग हा दुपारचाच राग, त्यातला सावकाश आलाप आला. इटलीचा संगीतकार विवाल्डी, त्याचे ऋतूंवरचे चार कॉन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचना, १७२५ साली छापले गेले. त्यातल्या ‘उन्हाळ्या’ची सुरुवात ऐका: माणसं, गुरं सगळी उन्हानं गळून गेलेली आणि व्हायोलिन अक्षरशः पाय ओढत चाललेलं. वादळ शेवटी येतं, तसं आपल्याकडेही वळीव येतोच. सहारातल्या तुआरेग लोकांचं एकाच ठेक्यात चालणारं गिटार इथे चपखल बसतं. आणि आपल्या विदर्भातलं खंजिरीवरचं एखादं भजन. चार ठिकाणचं संगीत, एकाही ओळीत ‘ऊन’ नको. वाक्याशी जुळत नाही ते गाणं कितीही आवडतं असलं तरी बाहेर. ‘पण हे माझं फेवरेट आहे’ म्हणणाऱ्यांनी फेवरेटची वेगळी यादी करावी.

ॲपला दोन शब्द सांगून तयार यादी मागणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांना मिक्स नको असतं, बनवल्याचं समाधान हवं असतं.

लांबी. पूर्वी नव्वदची कॅसेट भरून घ्यायचो, एका बाजूला ४५ मिनिटं. कल्पनेला तेवढी पुरते. पाच तासांचं मिक्स म्हणजे निवड करायचा कंटाळा.

विचित्र गाण्यांचा सोस. मंगोलियाचं घशातलं गाणं एकदा ऐकवा, लागोपाठ तीनदा नको. तर्री पोह्यांवर टाकतात, पोहे तर्रीत टाकत नाहीत.

नुसत्या हेडफोनवर तपासणे. नागपुरात उन्हाळ्यात गाणं कूलरच्या घरघरीत ऐकलं जातं. तंबोरा, मंद्रातला आलाप, बासरीची फुंकर सगळं त्यात बुडतं. कूलर सुरू करून, स्वयंपाकघरातून एकदा ऐका.

सांधे न बघणे

सरमिसळ मिक्सची खरी परीक्षा दोन गाण्यांच्या मधल्या जागेत असते, आणि घाईवाले नेमकी तीच जागा ॲपवर सोडतात. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असताना दुसरं वर आणणं, बारा सेकंदांवर ठेवलं की झालं, असा समज आहे. फिल्मी गाण्यांना ते चालून जातं. पण द्रुत बंदिशीचा शेवट बघा. तिहाई, म्हणजे तीनदा म्हटलेला तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणार, आपण मान हलवायच्या तयारीत, आणि तेवढ्यात पुढच्या गाण्याचा ड्रम आत घुसतो. सम गेली! शिंक अडकल्यासारखा चेहरा होतो ऐकणाऱ्याचा. त्यात एका गाण्याचा सा पेटीच्या काळी एक पट्टीवर आणि दुसऱ्याचा तिला लागून असलेल्या पांढरी दोनवर असेल, तर ते बारा सेकंद दोन्ही षड्ज एकमेकांना खरवडत राहतात. पेटी असेल तर दोन्हींचा सा वाजवून बघा, नसेल तर तंबोऱ्याचं ॲप आहेच. जुळत नसेल तर गाणी एकमेकांवर चढवायचीच नाहीत. मी सरळ दोन सेकंद शांतता ठेवतो.

आवाजाची पातळीही इथेच बिघडते. ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकडीवरून घेतलेलं रेकॉर्डिंग दबकं असतं, आजचं गाणं काठोकाठ भरलेलं. लोक जुन्याचा आवाज वाढवतात, मग गायकाआधी खरखरच अंगावर येते. उलटं करा, नव्याला ऑडॅसिटीसारख्या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा डेसिबल खाली आणा. आणि ॲप आवाज सारखा करतं या भरवशावर राहू नका. सगळी गाणी जोडून एक फाइल केली, की ॲप अख्ख्या फाइलला एकच माप लावतं, आतली उंचसखल तशीच राहते.

म्हणून शेवटी पूर्ण मिक्स ऐकायला वेळ नसेल तर निदान प्रत्येक गाण्याची शेवटची आणि पुढच्याची पहिली वीस सेकंदं सलग ऐका. फाइल पाठवताना क्रमवार यादीही जोडा, कलाकारांच्या नावांसकट. नाहीतर आलाप रंगात आला असताना फोन येतो, “काका, हे कोण गाऊन राहिलं?”