पोर्टलंडच्या फूड कार्टवर जेवायला जाताय? या चुका टाळा

बारा वाजून दहा मिनिटं. गाडीसमोर पंधरा माणसांची रांग, आणि त्यातल्या प्रत्येकाला एक वाजता परत ऑफिसात बसायचंय. वीस मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिलेला माणूस खिडकीशी पोचतो, तिथे मान वर करतो, मेनूचा फळा पहिल्यांदा वाचायला लागतो आणि मागे वळून मित्राला विचारतो, "काय घ्यायचं रे?" ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या डाउनटाउनमध्ये मी गेली दहा-बारा वर्षं हे बघतेय आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. फळा रांगेतूनही दिसतो. लांबून वाचता यावा म्हणूनच तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो.

इंटेलमुळे हिल्सबरो-बीव्हरटन या उपनगरांकडे मराठी घरं बरीच आहेत. नवी आलेली मुलं कधीतरी ‘मॅक्स’ या इथल्या लोकल रेल्वेच्या ब्लू लाइनने डाउनटाउनला येतात, गाड्यांवर जेवतात आणि "एवढं काही खास नव्हतं" म्हणत परत जातात. नेमकं काय खाल्लं, कसं खाल्लं हे विचारलं की कळतं, चुका त्याच आहेत. म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

आधी शब्दाचं सांगते. इथे ‘फूड ट्रक’पेक्षा ‘कार्ट’ हा शब्द चालतो. गाड्यांना चाकं असतात, पण बहुतेक जणी महिनोन्महिने एकाच जागी उभ्या असतात. अशा गाड्यांचा घोळका म्हणजे ‘पॉड’. एका पॉडमध्ये थाई, मेक्सिकन, इराकी, चिनी, इजिप्शियन असे शेजार असतात, आणि हेच बघून माणसं पहिली चूक करतात.

सगळ्या देशांचं थोडं थोडं

चार गाड्यांवरून चार पदार्थ आणायचे, बाकावर मांडायचे, फोटो काढायचे आणि सगळं गार झाल्यावर खायचं. असं करू नका. एक गाडी, तिचा एक पदार्थ, आणि तोही तिथे सगळ्यात जास्त खपणारा. ज्या एकाच गाडीच्या फळ्यावर पिझ्झा, बिर्याणी आणि पॅड थाय (थाई नूडल्स) तिन्ही आहे, तिच्यासमोर मी थांबतच नाही. नॉन्ग पूनसुकवत्तना या थाई बाईंनी 2009 साली ऑल्डर स्ट्रीटच्या पॉडमध्ये गाडी लावली तेव्हा त्या एकच पदार्थ विकायच्या, खाव मान गाय. उकडलेली कोंबडी, तिच्याच रश्श्यात शिजवलेला भात, दोन्ही कागदात गुंडाळलेलं, आणि आलं-मिरची-सोयाबीनची चटणी. एवढ्यावर त्यांनी पुढे रेस्टॉरंट काढलं. रोज सकाळी उठून एकच गोष्ट करणाऱ्याच्या हाताला जी चव येते, ती चाळीस पदार्थ करणाऱ्याच्या हाताला येत नाही. आपल्याकडेही चांगल्या मिसळवाल्याकडे मिसळच मिळते.

"मांस नको" म्हटलं की शाकाहारी झालं असं समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची आठवण अजून टोचते. सांगलीची माझी मावशी सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती. जन्मात अंडं न खाल्लेली बाई. एका दुपारी तिला हौसेने डाउनटाउनला आणलं आणि एका मेक्सिकन गाडीवर तिच्यासाठी बरीटो सांगितला, "नो मीट, ओन्ली बीन्स अँड राइस." मला वाटलं, राजमा-भात पोळीत गुंडाळलेला. यात काय चुकणार?

मावशीने दोन-तीन घास खाल्ले आणि म्हणाली, "छान मऊ आहे गं. उसळ कशात घोटलीये, तुपात का?" ते ‘तुपात’ ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी खिडकीशी परत गेले, विचारलं. आतल्या मुलीने अगदी सरळपणे सांगितलं, "मान्तेका." म्हणजे डुकराची चरबी. भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला होता. तिची काहीच चूक नव्हती. मी मांस नको म्हटलं, तिने मांस घातलं नाही. चरबीबद्दल मी विचारलंच नव्हतं.

मावशीने बरीटो कागदात नीट गुंडाळून ठेवला. बाटलीतल्या पाण्याने कोपऱ्यातल्या झाडाशी चूळ भरली. मला एक शब्द बोलली नाही. रात्री फक्त कपभर दूध घेतलं आणि देवापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा नियम असा. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबायचं नाही, वस्तूचं नाव घेऊन विचारायचं. मेक्सिकन गाडीवर पहिला प्रश्न: "मान्तेका?" घोटलेल्या बीन्समध्ये ती घालायची जुनी पद्धतच आहे, तामालेच्या (मक्याच्या पिठाच्या, वाफवलेल्या पुरचुंड्यांच्या) पिठातही असते, मैद्याच्या तोर्तियात, म्हणजे त्यांच्या पोळीतही असू शकते. मक्याच्या तोर्तियाचं पीठ बहुधा चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं आणि पाण्याचं असतं, तरी विचारते. आणि एक, ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, त्यामुळे उत्तर नीट ऐकून घ्या.

थाई आणि व्हिएतनामी गाडीवर विचारायचं ते फिश सॉसबद्दल. भाज्यांच्या पॅड थायमध्येही तो असतो, कारण त्यांचं मीठच ते. खाव मान गायमधली कोंबडी बाजूला काढून नुसता भात खाणारे लोक मी पाहिलेत. त्या भाताचा दाणा न् दाणा कोंबडीच्या चरबीत परतलेला असतो. किमचीत, म्हणजे कोरियन लोणच्यात, बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतो. फलाफलचे वडे चण्याचे, पण त्याच तेलात कोंबडीचे तुकडेही तळलेले असू शकतात, म्हणून "फ्रायर वेगळा आहे का?" हा प्रश्न. हे सगळं खिडकीशी विचारायला अर्धं मिनिट लागतं. गाडीवाल्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. राग येतो तो पैसे देऊन झाल्यावर, डबा हातात आल्यावर विचारणाऱ्यांचा.

आणि सॉसमधून लसूण काढून द्या, रश्श्यातून कांदा काढून द्या असं मागू नका. सॉस सकाळीच झालेला असतो. वरून घालायचं तेवढंच वगळता येतं.

शाकाहारी माणसाला बरोबर नेत असाल तर इजिप्शियन गाडीवर कोशारी शोधा. भात, मसूर, मॅकरोनी, चणे, वर आंबट टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. मावशीला पुढच्या महिन्यात तीच खाऊ घातली, आधी शेंगदाण्याच्या तेलापासून मिठापर्यंत सगळं विचारून. तिने कांदा वेगळा मागून घेतला आणि शेवटच्या घासापर्यंत पुरवून खाल्ला.

मांस खाणाऱ्यांसाठी एवढंच: फळ्यावरचे शब्द पाठ करा. ‘कार्ने असादा’ गाईचं, ‘कार्नितास’ आणि ‘अल पास्तोर’ डुकराचं, ‘लेंग्वा’ म्हणजे जीभ. ‘बिर्रिया’ मुळात बकऱ्याची, पण इथे गाईची जास्त मिळते. इथल्या ‘गायरो’च्या उभ्या सळईवरच्या मांसात गाय आणि मेंढी मिसळलेली असते. अल पास्तोरची सळई शावरम्यासारखी दिसते याचं कारण ती लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांकडूनच आली. म्हणून ती मेंढीची असेल असं समजणारे पुष्कळ भेटतात.

पार्सल

यावर मी दर आठवड्याला कोणाशी तरी वाद घालते.

आमच्या ऑफिसात एक नवा मुलगा आला होता, पुण्याचा, हुशार आणि सतत घाईत. शुक्रवारी टीमसाठी त्याने सहा ज्यानबिंग मागवले. ज्यानबिंग म्हणजे चिनी धिरडंच. तिएनजिनकडे ते मुगाच्या पिठाचं करतात, त्यामुळे आंध्रातला मुगाचा डोसा, पेसरट्टू, खाल्लेल्याला ओळखीचं वाटतं. गोल तापलेल्या तव्यावर पिठाचा डाव पडतो, लाकडी दांड्याची छोटी फळी फिरवून ते कागदाइतकं पातळ पसरतात, वर अंडं फोडून त्याच फळीने फिरवतात, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तीळ भुरभुरतात. मग उलटवून गोडसर काळा सॉस, लाल तिखट, आणि मधोमध तळलेली कडक पापडी. घडी घातली, मधे कापलं, हातात दिलं. या पदार्थाचा सगळा जीव त्या पापडीच्या आवाजात आहे.

मी त्याला म्हटलं, "अरे, सगळ्यांना तिकडेच घेऊन जा." तो म्हणाला, "मीटिंग साडेबाराची आहे, घेऊन येतो ना, दहा मिनिटांचं तर अंतर." आणले. झाकण बंद डब्यांत, एकावर एक रचून, पिशवीत. उघडले तेव्हा झाकणाच्या आतून पाणी गळत होतं. पापडी चहात भिजलेल्या खारीसारखी झालेली. सगळ्यांनी सभ्यपणे खाल्लं आणि कोणीही परत त्या गाडीचं नाव काढलं नाही. मला त्या तव्यामागच्या बाईंचं वाईट वाटलं. त्यांनी सहाच्या सहा नीट केले होते, मी मागच्या वर्षभर खात होते तसेच.

पुण्यात कोणी कालवलेली भेळ बांधून घरी नेतं का? ओली चटणी वेगळी, शेव वेगळी, आणि घरी जाऊन कालवायची. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मग इथे आल्यावर का विसरतो? गरम पदार्थ बंद डब्यात गेला की वाफ बाहेर पडत नाही, झाकणाला लागून पाणी होते आणि जे कुरकुरीत आहे त्यात मुरते. टाको, फलाफल, तळलेले मासे, ज्यानबिंग हे सगळं गाडीपासून दहा पावलांवर, उभं राहून खायचं. पहिला घास खिडकीसमोरून बाजूला होता होता घेतला तरी चालेल.

न्यायचंच असेल तर मी हे करते: भाताचा किंवा रश्श्याचा पदार्थ घेते, सॉस वेगळ्या वाटीत मागते, आणि डब्याचं झाकण चालताना थोडं उघडं ठेवते. माझ्या पिशवीत एक स्टीलचा डबा कायम असतो, उरलेलं त्यात जातं आणि ऑफिसात पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये. संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवलेला भात किंवा दह्याचा सॉस खाऊ नका. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं इथले अन्नसुरक्षेचे नियम सांगतात आणि ते बरोबर आहे.

"आम्ही कोल्हापूरचे, कितीही तिखट द्या"

थाई गाडीवर एक ते पाच विचारतात. पहिल्यांदा तीन सांगा. तुमच्या सवयीचं तिखट परतलेलं, खोबऱ्या-तिळात मुरलेलं असतं. तिथली बारीक मिरची ताजी आणि कच्ची कुटलेली असते, ती वेगळीच लागते. पाच सांगून दोन घासांत घाम पुसणारा आणि चव काय होती ते सांगू न शकणारा माणूस मला शूर वाटत नाही. तिखट वाढवता येतं, वेगळी वाटी मागा.

जुन्या यादीवर विसंबून निघणं

मी आले तेव्हा डाउनटाउन म्हणजे ऑल्डर स्ट्रीटचा पॉड. पन्नासच्या वर गाड्या एका ठिकाणी. 2019 च्या जूनमध्ये त्या सगळ्या उठल्या, कारण त्या जागेवर 35 मजली इमारत येणार होती. आज तिथे रिट्झ-कार्लटन हॉटेल आहे. काही गाड्या 2021 मध्ये अँकेनी स्ट्रीटजवळच्या नव्या पॉडमध्ये आल्या, काही नदीपलीकडे गेल्या, काही कायमच्या बंद झाल्या. तरी लोक इंटरनेटवरची जुनी ‘टॉप टेन’ यादी घेऊन हॉटेलच्या दारात उभे राहतात. निघायच्या आधी गाडीचं स्वतःचं पान बघा, आजचं. डाउनटाउनमधल्या कित्येक गाड्या ऑफिसच्या गर्दीवर चालतात, दुपारी दोन-तीनला तवा धुवायला घेतात आणि शनिवार-रविवारी उघडतही नाहीत. मी साडेअकराला जाते. सव्वा वाजताही रांग कमी असते, पण तोवर चांगला पदार्थ संपलेला असू शकतो.

आणि या बारीकसारीक

चमचा आपोआप मिळेल असं धरून बाकावर जाऊन बसू नका. 2019 च्या ऑक्टोबरपासून पोर्टलंडमध्ये प्लास्टिकचे काटे-चमचे मागितले तरच देतात. मी घरचा चमचा नेते.

ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही, फळ्यावर लिहिलेले तेवढेच पैसे. त्यामुळे पैसे देताना टिप विचारणारा पडदा समोर आला की कपाळाला आठ्या घालू नका.

सोड्याची बाटली फेकू नका, तिचे दहा सेंट परत मिळतात.

पाच जणांची ऑर्डर असेल तर आधी फोन करा किंवा रांगेत शेवटी उभे राहा. मागच्या चौदा जणांचा अर्धा तास तुमचा नाही.

आणि ऑक्टोबर ते मे, इथल्या पावसाच्या दिवसांत, छत्री आणू नका. एका हातात टाको, दुसऱ्यात सालसाची वाटी, मग छत्री कोण धरणार? टोपीचं जाकीट घाला आणि गाडीच्या पत्र्याखाली, तव्याच्या बाजूला उभे राहा. तिथे ऊबही लागते.