एमजीबी बघायला जाताय? आधी गुडघे टेका

माझे वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपात पत्र्याच्या कामावर होते. कुठलीही गाडी दिसली की ते बोटाच्या पेरांनी दाराखालचा पत्रा वाजवून बघायचे, नारळ घेताना वाजवतात तसा. लाज वाटायची आम्हाला. आता मी इंग्लंडात डिडकॉटला राहते आणि लोकांच्या अंगणात नेमकं तेच करते.

इथून दहाएक किलोमीटरवर ॲबिंग्डन. तिथल्या कारखान्यात 1962 ते 1980 एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बनत होती. उघडी रोडस्टर आणि बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यामुळे आजही विकायला भरपूर दिसतात आणि सुटे भाग घरपोच येतात. एवढंच एक कारण पुरेसं आहे ही गाडी घ्यायला. पण घाई करू नका. माझी पहिली एमजीबी लालभडक होती, क्रोम आरशासारखं. मी आरशात बघितलं आणि पैसे मोजून मोकळी झाले. सहा महिन्यांनी जॅक लावला तर दार उघडेना.

कारण असं. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा होता, एमजीबीला नाही. बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला वरून पक्कं छप्पर नाही, म्हणजे पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग एकमेकांना धरून ठेवायचं बरंचसं ओझं दाराखालच्या उंबऱ्यावर पडतं. हा उंबरा म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा, आतला, मधे एक उभा पडदा आणि खाली कंगोरे असलेली पट्टी. आत पाणी शिरतं, चिखल साचतो, आणि बाहेरून रंग झकास असताना आतला पत्रा पापडासारखा होतो. माझ्या लाल गाडीत जुन्या सडक्या उंबऱ्यावर नवा पत्रा नुसता चिकटवला होता आणि वर लांबी (पुट्टी) भरून घासली होती.

म्हणून पोचल्यावर बोनेट उघडू नका. गुडघ्यावर बसा. दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. मग मालकाला विचारून गाडी जॅकवर घ्या आणि तीच फट परत बघा. ती बदलली किंवा दार अडकायला लागलं, तर चहा पिऊन घरी या. मालक जॅक लावूच देत नसेल, तर उत्तर मिळालंच. उंबऱ्यावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी. उंबऱ्याची दोन्ही टोकं मडगार्डांच्या खाली जातात, त्यामुळे खरं काम करायचं तर मडगार्डांचा खालचा भाग कापावा लागतो. कापण्याआधी दाराच्या चौकटीला आडवी पट्टी वेल्ड करून टेकू दिलेला असला पाहिजे, नाहीतर गाडी मधोमध बसते. त्या कामाचे फोटो मागा. ज्याने नीट केलंय तो कौतुकाने दाखवतो.

मग सीटमागचा गालिचा उचला. 1974च्या आधीच्या गाड्यांत तिथे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि ॲसिड सांडून त्यांची बैठक खाल्लेली असते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला लागतात तिथेही टॉर्च मारा.

इंजिनाची मला फार काळजी वाटत नाही. 1798 सीसी, बी-सिरीज. आपल्या ॲम्बेसडरचं 1489 सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. वडिलांना फोनवर टॅपेटचा आवाज ऐकवला तर म्हणाले, "अगं, ही तर ॲम्बीच आहे, नटून आलेली." फक्त थंड इंजिन स्वतः सुरू करा. तुम्ही यायच्या आधी मालकाने गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. गरम झाल्यावर ऑईल प्रेशर रस्त्यावर 50 पीएसआयच्या आसपास आणि उभ्या गाडीत 15 ते 25 दिसलं की झालं. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. बॉडी बिघडली तर तुम्ही बिघडता.

तारांची चाकं असतील तर चाक उचला, कुणाला तरी ब्रेक दाबायला लावा आणि चाक हलवून बघा. हललं तर आतले दाते झिजलेत. किंगपिनला, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला, दर 3000 मैलांना ग्रीस लागतं, शेवटचं कधी दिलं विचारा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गियर, असलेलीच घ्या, हे मात्र माझं ठाम मत. 70 मैलांच्या वेगाला चौथ्या गियरमध्ये इंजिन मिनिटाला 3900 फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ओव्हरड्राइव्ह टाकलं की 3200च्या जवळ येतं, आणि शेजारच्याशी बोलता येतं.

1974च्या शेवटापासून अमेरिकेच्या नियमांमुळे काळे रबरी बंपर आले आणि गाडी थोडी उंच झाली. लोक नाकं मुरडतात, म्हणून ती स्वस्त मिळते. पत्रा चांगला असेल तर सडक्या क्रोम बंपरवालीपेक्षा मी तीच घेईन.

इथे 40 वर्षांवरच्या गाडीला सहसा एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची सक्ती नाही, म्हणजे तुमच्याऐवजी खाली वाकून बघणारं कुणी नाही. जुन्या तपासण्यांची नोंद सरकारी साइटवर फुकट दिसते. त्यात गंजाचा शेरा दोनदा आला आणि मग अचानक गायब झाला, तर मधे काय केलं ते विचारा.

सध्याची माझी 1972ची आहे, हिरवट निळी, रंग दोन ठिकाणी उडालेला, उंबरा ठणठणीत. जूनमध्ये गवत कापतात तेव्हा हूड (कापडी छप्पर) खाली टाकून गावातल्या रस्त्याने 40च्या वेगाने जायचं. जमीन इतकी जवळ असते की हात खाली सोडला तर टेकेल असं वाटतं, आणि कापलेल्या गवताच्या वासात गरम ऑईलचा वास मिसळतो. तेवढ्यात पाऊस येतोच. म्हणून शेवटची परीक्षा: मालकाला बाजूला उभं करून हूड स्वतः लावून बघा. सगळी बटणं बसली तरी काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी मांडीवर येणार. डिंकीत टॉवेल ठेवा.