स्पॅनिशमधील गिर्यारोहणाचे शब्द इंग्रजीत कसे आणावेत

अर्जेंटिनातील ६९६१ मीटर उंचीच्या अकोन्काग्वा शिखरावर महाराष्ट्रातून अनेक गिर्यारोहक जातात, आणि तेथील वाटांची वर्णने, खेचरवाल्यांशी करायचे करार, तळावरील वैद्यकीय तपासणीचे कागद असे बरेचसे साहित्य मुळात स्पॅनिशमध्ये असते. सोलापुरात घरी बसून स्पॅनिश भाषांतराची कामे घेणाऱ्याकडे असा मजकूर आला, की तो बहुधा इंग्रजीतच करून मागितला जातो, कारण चमूतील सगळ्यांची मातृभाषा एक नसते. हे काम नीट करायचे असेल, तर शब्दकोश उघडण्याआधी ती वस्तू कड्यावर काय काम करते, हे समजून घ्यावे लागते. दोराने बांधलेला माणूस तुमच्या शब्दावर विसंबून हात पुढे टाकणार आहे, याचे भान पहिल्या ओळीपासून असावे.

पुढील वाक्य पाहा: ‘दोस लार्गोस पोर दिएद्रो आस्ता ला रेउनिओन.’ कोशातील पहिला अर्थ घेत गेल्यास यातून ‘दोन लांब, एका कोनातून, सभेपर्यंत’ असे काहीतरी निरर्थक हाती येते. प्रत्यक्षात ‘लार्गो’ म्हणजे एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतची चढाई, इंग्रजीत पिच. ‘दिएद्रो’ म्हणजे उघड्या पुस्तकाच्या पानांसारख्या दोन कातळभिंती जिथे मिळतात तो कोपरा. अमेरिकी गिर्यारोहक त्याला डायहीड्रल म्हणतात, तर ब्रिटिश कॉर्नर म्हणतात. ‘रेउनिओन’ म्हणजे जिथे पुढचा चढाईपटू स्वतःला अडकवून मागच्याला वर घेतो ती जागा, म्हणजे बिले स्टेशन (बिले म्हणजे दोर धरून दुसऱ्याला सांभाळणे). हीच ‘रेउनिओन’ हाक म्हणून ऐकू आली, तर अर्थ आणखी नेमका होतो. वरचा माणूस खालच्याला सांगत असतो, की मी स्वतःला नीट अडकवले आहे आणि तू माझा दोर आता मोकळा करू शकतोस. अमेरिकी इंग्रजीत यासाठी ‘ऑफ बिले’ आणि ब्रिटिश इंग्रजीत ‘सेफ’ अशी हाक आहे. म्हणून इंग्रजी मजकूर कोणत्या वळणाचा हवा, हे काम स्वीकारतानाच विचारून घ्यावे आणि मग शेवटपर्यंत ते वळण सोडू नये. दोरावरून खाली उतरण्यालाही अमेरिकेत रॅपल आणि ब्रिटनमध्ये ॲबसेल म्हणतात. आपल्याकडे रॅपलिंग रूढ असल्यामुळे भारतीय वाचकासाठी तोच शब्द बरा.

‘सेगुरो’ या शब्दाला माझ्या मते सर्वाधिक जपावे. विशेषण म्हणून तो ‘सुरक्षित’ असतो, वाटेच्या वर्णनात तो कातळात बसवलेला किंवा ठोकलेला आधार असतो, आणि मोहिमेच्या करारात तो विमा असतो. एकाच फाइलमध्ये हे तिन्ही अर्थ सहज येऊ शकतात, त्यामुळे ‘सगळीकडे बदला’ ही सोय येथे वापरू नये. ‘आउतोसेगुरो’ या शब्दातही असाच धोका आहे. कड्यावरच्या मजकुरात तो बहुधा स्वतःला आधाराशी अडकवण्याचा छोटा पट्टा किंवा दोर असतो. इंग्रजीत ‘ऑटो बिले’ म्हणजे मात्र कृत्रिम भिंतीवर दोर आपोआप आवळणारे यंत्र. ‘एस्कालादा लिब्रे’ म्हणजे फ्री क्लाइंबिंग, ज्यात दोर असतो, पण वर सरकण्यासाठी त्याचा आधार घेत नाहीत. दोराविना एकट्याने चढण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोलो इंतेग्राल’ म्हणतात, आणि इंग्रजीतील फ्री सोलो हा शब्द फक्त तिथेच वापरावा.

वाट किती धोक्याची आहे हे सांगणारी विशेषणेही अशीच तोलून घ्यावीत. ‘आएरेओ’ म्हणजे पायाखाली दरी दिसते अशी उघडी जागा. ‘एक्सपुएस्तो’ मात्र पुष्कळदा आधार विरळ आहेत आणि पडल्यास मोठी इजा होईल, असे सुचवतो. अशा वेळी नुसते ‘एक्सपोज्ड’ लिहिले, तर इशाऱ्याची धार जाते, म्हणून ‘रनआउट’ किंवा ‘पुअरली प्रोटेक्टेड’ असे स्पष्ट लिहावे. ‘एकिपादा’ वाट म्हणजे जिच्यावर बोल्ट आधीच बसवलेले आहेत ती.

साधनांची नावे त्या मानाने सोपी आहेत. ‘मोस्केतोन’ म्हणजे कॅराबिनर, अर्थात दोर अडकवायची झडपेची कडी, ‘सिंता एक्सप्रेस’ म्हणजे क्विकड्रॉ, अर्थात दोन कॅराबिनर जोडणारा छोटा पट्टा, ‘फिसुरेरो’ म्हणजे फटीत अडकवायचा नट. ‘पिएस दे गातो’ म्हणजे शब्दशः मांजराचे पाय, पण ते प्रस्तरारोहणाचे बूट आहेत, आणि ‘माग्नेसिओ’ हा हाताला लावायचा चॉक आहे. खरेदीच्या किंवा तपासणीच्या औपचारिक यादीसाठी १९३२ मध्ये स्थापन झालेल्या यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांमधील इंग्रजी नावे घ्यावीत. तेथे कॅराबिनर ‘कनेक्टर्स’ या वर्गात मिळतो.

भूरूपांच्या शब्दांसाठी सह्याद्रीची वाट धरावी, असा माझा आग्रह आहे. सोलापूरच्या आसपास माळ आहे, कडे नाहीत. तरीही येथून हरिश्चंद्रगड, तोरणा, रतनगड पाहून आलेल्या माणसाला नाळ (कड्यातील अरुंद, उतरती घळ), खिंड, घसारा (सुट्या दगडांचा उतार), सुळका हे शब्द पायांनी माहीत असतात. ‘कानालेता’ वाचल्यावर आधी ‘नाळ’ आठवावी आणि मग गली लिहावे. ‘कोयादो’ म्हणजे खिंड, इंग्रजीत कोल. ‘आकार्रेओ’ म्हणजे घसारा, इंग्रजीत स्क्री. हिमाच्या प्रदेशात हा पूल तुटतो. हिमनदीतील भेग म्हणजे ‘ग्रिएता’, इंग्रजीत क्रेव्हास. कातळातील फट म्हणजे ‘फिसुरा’, इंग्रजीत क्रॅक. आणि हिमनदी डोंगरापासून सुटते तेथील मोठी भेग म्हणजे ‘रिमाया’, जिला इंग्रजीने बर्गश्रुंड हे जर्मन नाव दिले आहे. अँडीजमधील हिमाचे उभे, टोकदार सुळे म्हणजे ‘पेनितेन्तेस’, आणि तो शब्द इंग्रजीतही तसाच ठेवतात. ‘कारा सुर’ म्हणजे दक्षिण कडा. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तळपत असल्यामुळे हीच बाजू थंड आणि बर्फाळ असते, आणि उत्तर गोलार्धाच्या सवयीने ती कुणी ‘दुरुस्त’ करू नये.

विशेषनामांना हात लावू नये. अकोन्काग्वाच्या नेहमीच्या वाटेवर शिखराखाली लागणारी ‘ला कानालेता’, त्या बाजूचा ‘ग्रान आकार्रेओ’ आणि ‘प्लासा दे मुलास’ हा तळ ही नावे नकाशावर जशी आहेत तशीच द्यावीत आणि पहिल्या उल्लेखापाशी अर्थ सांगावा.

वैद्यकीय कागदात ‘पुना’ किंवा पेरू-बोलिव्हियाकडे ‘सोरोचे’ दिसल्यास ते उंचीवरील आजाराचे बोलीतील नाव समजावे आणि इंग्रजीत ‘अल्टिट्यूड सिकनेस’ लिहावे. ‘पुना’ हे अँडीजमधील उंच पठारी प्रदेशाचेही नाव आहे, त्यामुळे आजूबाजूचे वाक्य वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आकड्यांकडे शेवटी पुन्हा एकदा वेगळी नजर टाकावी. स्पॅनिश मजकुरात हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे ६.९६१ मीटर ही उंची सुमारे सात मीटर नसून जवळजवळ सात हजार मीटर आहे, आणि ८,५ मिलिमीटरचा दोर हा साडेआठ मिलिमीटरचा आहे. ‘देस्निबेल’ म्हणजे चढून मिळवायची उंची, वाटेची लांबी नव्हे. काठिण्यश्रेणी मूळ पद्धतीतच ठेवावी. स्पेनमध्ये प्रचलित असलेल्या फ्रेंच पद्धतीतील ६ए हे अमेरिकी पद्धतीतील ५.१०एच्या आसपास येते, पण अशी तुलना ढोबळ असल्यामुळे ती शेजारी द्यावी, मूळ आकडा पुसून नव्हे.

मजकूर सोपवण्याआधी तो एखाद्या अनुभवी प्रस्तरारोहकाकडून वाचून घ्यावा. हाकांचे शब्द मात्र वेगळ्या पानावर, स्पॅनिश आणि इंग्रजी समोरासमोर, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत, आणि दोराच्या दोन्ही टोकांना असणाऱ्यांनी ते निघण्यापूर्वी एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवावेत, असे त्याच पानावर नमूद करावे.