कॅमेऱ्याचं पार्सल उघडण्याआधी आणि उघडल्यावर

ज्या दिवशी पार्सल येणार त्या दिवशी दोन तास मोकळे ठेवा आणि मोबाईल धरायला घरातल्या कुणाला तरी बसवा. खोका उघडतानाचा व्हिडिओ अखंड हवा: कुरिअरचं लेबल, खोक्याच्या सहाही बाजू, सील कापताना, आणि शेवटी कॅमेऱ्याच्या तळाचा सिरियल नंबर. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ तक्रारीच्या वेळी उपयोगी पडत नाही. माझ्या भाच्याच्या पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी उत्साहाच्या भरात आम्ही हे केलं नाही. खोक्यावरचा नंबर वेगळा आणि बॉडीवरचा वेगळा, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. विक्रेता म्हणाला, अदलाबदल तुमच्याकडेच झाली. पोरानं वर्षभर लग्नांत दुसऱ्यांचे लाइट धरून जमवलेले पैसे होते ते. म्हणून हे सगळं बारकाईनं लिहितोय.

सर्वात आधी नंबर जुळवा. खोका, बॉडीचा तळ आणि वॉरंटी कार्ड, तिन्हीकडे एकच सिरियल नंबर पाहिजे, बिलावर लिहिला असेल तर तिथेही. एक फोटो काढून संगणकावर त्याची एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये आपोआप लिहितो ती नोंद, उघडा. बरेच कॅमेरे तिथेही आपला नंबर लिहितात, आणि तळाचं स्टिकर बदललेलं असेल तर ते इथे उघडं पडतं. बिल पक्कंच हवं. त्यावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा २७ ने आणि गोव्यातल्याचा ३० ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं.

आता ग्रे मालाचं. हा कॅमेरा बनावट नसतो, पण दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेला असतो, आणि त्याला भारतातली वॉरंटी सहसा मिळत नाही. कॅननचा आपल्याकडचा १५००डी युरोपात २०००डी, अमेरिकेत रिबेल टी७ आणि जपानमध्ये किस एक्स९० या नावानं विकला गेला. तेव्हा खोक्यावर किंवा बॉडीवर 'रिबेल' वा 'किस' दिसलं तर माल बाहेरचा आहे हे नक्की समजा. भारतात रीतसर आलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला असतो. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार हा तपशील असायलाच हवा. चार्जरची पिन चपटी असून सोबत कन्व्हर्टर दिला असेल तरीही हाच संशय घ्या.

मग कॅमेरा वापरलेला आहे का, ते बघायचं. लेन्स काढून माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या, धातूच्या कड्यावर गोल घासल्याच्या खुणा आहेत का, फ्लॅश बसवायच्या खाचेचा रंग उडालाय का, ट्रायपॉडच्या भोकातले आटे चकचकीत झालेत का, हे उजेडात पाहा. पहिल्यांदा चालू केल्यावर कॅमेऱ्यानं तारीख-वेळ विचारायला हवी. मेनूमध्ये कॉपीराइटच्या रकान्यात कुणाचं नाव सापडलं, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा, मात्र नीट समजून घ्या, कारण यात बरेच जण फसतात. फाइलचा क्रमांक ०००१ असणं हा पुरावा नव्हे, तो मेनूतून पुन्हा एकवर आणता येतो. उलट जुनं कार्ड घातलं तर नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटोही चार हजारांवर जाऊ शकतो, म्हणून कार्ड आधी फॉरमॅट करा. निकॉनच्या डीएसएलआरनं काढलेल्या मूळ फोटोत शटर किती वेळा पडलं तो आकडा असतो, एक्झिफटूलसारख्या मोफत साधनानं तो वाचता येतो. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवून तपासू नका, वाटेत ही माहिती पुसली जाते. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो आकडा फोटोत नसतो, त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. कारखान्यातल्या चाचणीचे थोडे क्लिक असू शकतात, हजारात आकडा गेला तर तो कॅमेरा नवा नाही.

सेन्सरसाठी एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढा, धूळ असेल तर काळपट ठिपके दिसतील. लेन्सला झाकण लावून एक लांब एक्स्पोजर घ्या, म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवून फोटो काढा, आणि रंगीत ठिपके मोजा, ते सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल असतात. सोबत फुकट आलेल्या मेमरी कार्डावर भरवसा ठेवू नका. ६४ जीबी लिहिलेलं कार्ड काठोकाठ भरून सगळ्या फाइली उघडतात का ते पाहा.

हे सगळं परतीच्या मुदतीत, शक्यतो पहिल्याच दिवशी उरका. तोवर पट्टा ओवू नका, स्क्रीनवरची फिल्म काढू नका, खोक्यातली एकही पिशवी फेकू नका. मन भरलं की कंपनीच्या साइटवर वॉरंटीची नोंदणी करा. हा नंबर आधीच नोंदवलेला आहे असं उत्तर आलं, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन लगेच परतीची विनंती टाका. विक्रेता टोलवाटोलवी करायला लागला, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. फोन करताना बिल आणि तो अखंड व्हिडिओ हाताशी ठेवा.