सदनिकेची किंमत वाजवी आहे का? भाव जोखताना या चुका टाळा

सदनिकेचा भाव जोखताना होणारी पहिली चूक बहुतेक वेळा घर पाहण्याआधीच होऊन गेलेली असते, कारण जाहिरातीतला आकडा तोवर वाचून झालेला असतो. तो एकदा डोक्यात बसला की त्यातून किती कमी करून मिळेल एवढाच विचार सुरू होतो, आणि मुळात घर तेवढ्या मोलाचे आहे का, हा प्रश्न मागे पडतो. नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील टूसॉन शहरातले एकच घर विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक दलालांना दाखवले होते. विक्रेत्याने मागितलेली किंमत मात्र वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली होती. विद्यार्थी आणि दलाल दोघांचेही अंदाज सांगितलेल्या किमतीकडे झुकले, आणि तरीही बहुतेक दलालांनी आपण ती विचारात घेतल्याचे मान्य केले नाही. रोज घरे विकणाऱ्यांची ही गत असेल, तर आपण त्या आकड्याला बळी पडणार नाही असे कोणी समजू नये. घराचा तपशील मागवावा, किंमत झाकून ठेवावी आणि आधी आपला आकडा कागदावर लिहावा.

हा आकडा काढताना इतर जाहिरातींचा आधार घेणे ही दुसरी चूक. जाहिरातीतली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा. भाव ठरतो तो पार पडलेल्या व्यवहारांवरून. जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या बॉस्टनमधील १९९० च्या दशकातल्या सदनिका-विक्रीचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावे लागणार होते अशा मालकांनी बाजारभावापेक्षा बरीच जास्त किंमत मागितल्याचे, आणि त्यांची घरे विकायला अधिक काळ लागल्याचे दिसले. विक्रेत्याने घर केवढ्याला घेतले होते याच्याशी आजच्या मोलाचा संबंध नसतो, पण मागितलेल्या किमतीत ते दडलेले असते.

झालेले व्यवहार हाती आले तरी क्षेत्रफळाचा घोळ उरतोच, आणि माझ्या मते सर्वाधिक फसगत इथे होते. समजा, एका सदनिकेचे क्षेत्रफळ ९०० चौरस फूट सांगितले आहे आणि किंमत ९०,००० आहे (चलन कोणतेही धरा). दुसरीचे ८०० चौरस फूट आणि किंमत ८४,०००. दर अनुक्रमे १०० आणि १०५ पडतो, म्हणजे दुसरी महाग वाटते. आता टेप घेऊन भिंतींच्या आतले मोजमाप करा: पहिलीत जिने, मार्गिका आणि भिंतींची जाडी वजा जाता ६६० चौरस फूट उरतात, दुसरीत ६४०. वापरायच्या जागेचा दर पहिलीत सुमारे १३६ आणि दुसरीत सुमारे १३१ होतो, म्हणजे स्वस्त ठरते ती दुसरी. दोन्ही बाजूंचे मोजमाप एकाच पद्धतीने झाले आहे याची खात्री होईपर्यंत दरांची तुलना करूच नये.

तुलनेतली दुरुस्ती, म्हणजे दोन घरांतल्या फरकापोटी किमतीत करायचा बदल, उलट्या दिशेने करणे ही चूकही जाणकारांकडून होते. दुरुस्ती नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायची असते. त्या घराला पार्किंग होते आणि आपण पाहतो त्याला नाही, तर पार्किंगचे मोल त्या किमतीतून वजा करायचे. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला वरचा मजला, रस्त्याकडची गोंगाटाची बाजू, अंधारी खोली यांचा हिशोबही असाच. मात्र मालकाने स्वयंपाकघरावर केलेला खर्च जसाच्या तसा मिळवू नये. त्यांची आवड पुढच्या माणसाला पैसे मोजण्याजोगी वाटेलच असे नाही.

तुलनेला व्यवहारच सापडत नसतील, तर लोक दूरच्या वस्तीतले ताजे व्यवहार घेतात. मी त्याऐवजी त्याच इमारतीतला दोन वर्षांपूर्वीचा व्यवहार घेईन आणि मधल्या काळातल्या भावबदलाची दुरुस्ती करीन. काळाचा फरक घरांच्या किमतींच्या निर्देशांकावरून अंदाजता येतो, वस्तीचा फरक तसा काढता येत नाही.

इमारतीचा हिशोब न पाहणे हीदेखील महागात पडणारी चूक आहे. छत गळते आहे, लिफ्ट बदलायला आली आहे आणि सामाईक दुरुस्ती निधी रिकामा आहे, अशा वेळी येऊ घातलेल्या वर्गणीतला आपला वाटा किमतीतून वजा करावा. छताच्या एकाच कोपऱ्यावर ताजा रंग दिसला तर त्याच्या वरच्या मजल्यावर काय आहे, हे विचारावे.

भाड्याचा पडताळा अनेकजण घेतात, पण ढोबळ भाड्यावर थांबतात. किंमत १०० धरली आणि वर्षाचे भाडे ४ असले, तरी देखभाल, कर, दुरुस्ती आणि रिकामा काळ मिळून १.२ गेले तर हाती २.८ उरतात. शेजारच्या तशाच सदनिकांत १०० किमतीमागे ३.५ उरत असतील, तर पाहिलेल्या घराची किंमत चढी आहे किंवा त्यात भाडेकरूंना जाणवणारी उणीव आहे. ती कोणती हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणून किंमत योग्य, असा निष्कर्षही काढू नये, कारण बँक पाहते ते तिचे कर्ज सुरक्षित आहे का एवढेच, आणि मूल्यांकन करणाऱ्याला ठरलेली किंमत बरेचदा आधीच ठाऊक असते.

व्यवहारांवरून आलेला आकडा ९२ आणि भाड्यावरून आलेला ८० (वरचे २.८ भागिले ३.५, गुणिले १००) असा फरक पडला, तर मधला ८६ धरून मोकळे होऊ नये. आधी क्षेत्रफळ पुन्हा मोजावे, मग व्यवहारांच्या तारखा पाहाव्यात. तरीही फरक राहिला, तर राहण्यासाठी घेणाऱ्याने व्यवहारांना आणि भाड्याने देण्यासाठी घेणाऱ्याने भाड्याला अधिक वजन द्यावे. झाकलेली किंमत त्यानंतरच उघडावी.